रणातून परतलेल्या स्त्रिया आणि अमेरिकी संसदेची नजर

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते. ‘तुम्ही सैन्यदलात सेवा केली आहे काय?’ हा प्रश्न तेथील जनगणनेला नवा नाही. मात्र १९८० पूर्वी तो स्त्रियांना विचारलाच जात नसे. स्त्री ही सैनिकाची पत्नी असेल, आई असेल, विधवा असेल. ती स्वतः माजी सैनिक असू शकते, ही शक्यता प्रश्नावली तयार करणाऱ्यांच्या मनातच आली नव्हती. १९८० साली प्रथमच हा प्रश्न स्त्रियांपुढे ठेवण्यात आला आणि १२ लाखांहून अधिक स्त्रियांनी त्याला होकारार्थी उत्तर दिले. सरकारी रुग्णालयांत उपचार घेण्याचा हक्क असलेला एवढा मोठा वर्ग देशात आहे, याची जाणीव सरकारला त्या दिवशी झाली असे म्हटले तरी चालेल.

जे मोजले जात नाही त्याची तजवीजही होत नाही. त्या १२ लाखांपैकी फारच थोड्या स्त्रिया माजी सैनिकांसाठीच्या रुग्णालयांकडे फिरकत होत्या. आपण ‘माजी सैनिक’ आहोत हेच त्यांच्यापैकी अनेकींना ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांना रुग्णालयाच्या दारातच ‘पतीचे नाव काय?’ असा प्रश्न ऐकावा लागे. गेल्या चार दशकांत ही परिस्थिती बरीच बदलली. हा बदल कसा घडला आणि तो अद्याप अपुरा का आहे, हे समजून घ्यायचे तर अमेरिकी संसदेच्या म्हणजे काँग्रेसच्या देखरेखीची पद्धत पाहावी लागते. कायदा करणे हे संसदेचे एक काम. तो कायदा रुग्णालयाच्या खोलीपर्यंत पोहोचला की नाही हे पाहणे हे दुसरे, आणि अधिक चिकाटीचे काम.

पुरुषांसाठी उभारलेली व्यवस्था

अमेरिकेतील माजी सैनिकांचे कल्याण ‘डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स’ या खात्याकडे असते. ‘व्हीए’ या नावाने ते ओळखले जाते. १९८९ साली त्याला मंत्रिमंडळात स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला. सुमारे १७० वैद्यकीय केंद्रे, हजाराहून अधिक बाह्यरुग्ण दवाखाने आणि सुमारे ९० लाख नोंदणीकृत माजी सैनिक असा त्याचा विस्तार आहे. एकाच छत्राखाली चालणारी एवढी मोठी आरोग्यव्यवस्था त्या देशात दुसरी नाही.

ही व्यवस्था उभी राहिली ती दोन महायुद्धांतून परतलेल्या पुरुषांसाठी. दुसऱ्या महायुद्धात सुमारे साडेतीन लाख अमेरिकी स्त्रियांनी गणवेश चढवला होता. तरीही १९४८ साली स्त्रियांना सैन्यदलांत कायमस्वरूपी प्रवेश देणारा कायदा झाला तेव्हा त्यांचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक असू नये, अशी मर्यादा त्यात घालण्यात आली. ही मर्यादा १९६७ साली उठली. १९७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती संपून स्वेच्छेची भरती सुरू झाली आणि त्यानंतर स्त्रियांची संख्या झपाट्याने वाढली. महायुद्धात सैन्याची विमाने चालवणाऱ्या सुमारे १,१०० स्त्री वैमानिकांची कथा तर याहून बोलकी आहे. त्यांच्यापैकी ३८ जणी कर्तव्यावर असताना मरण पावल्या; पण त्यांची गणना नागरी कर्मचाऱ्यांत होत राहिली. माजी सैनिकाचा दर्जा त्यांना मिळाला तो १९७७ साली, काँग्रेसने कायदा केल्यावर.

थोडक्यात, सेवा आधी झाली आणि मान्यता दशकानुदशके मागाहून आली. रुग्णालये तर मान्यतेच्याही मागे राहिली. सामायिक वॉर्ड, सामायिक स्नानगृहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही आणि तपासणीच्या खोलीला आडोसा नाही, अशी अनेक ठिकाणची अवस्था होती.

देखरेखीची हत्यारे

आपल्याकडे मंत्री संसदेचा सदस्य असतो आणि प्रश्नोत्तराच्या तासाला त्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. अमेरिकेत तसे नाही. तेथे मंत्री काँग्रेसचा सदस्य नसतो. सभागृहात प्रश्नोत्तराचा तासही नसतो. त्यामुळे कार्यकारी सत्तेला जाब विचारण्याचे काम मुख्यतः समित्यांमधून चालते. प्रतिनिधिगृहात माजी सैनिकांच्या प्रश्नांसाठीची स्थायी समिती १९४७ पासून आहे. सिनेटमधील समिती १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अस्तित्वात आली. या समित्या खात्याच्या अधिकाऱ्यांना सुनावणीस बोलावतात, गरज पडल्यास समन्स काढतात, कागदपत्रे मागवतात. खात्याच्या मंत्र्याची नियुक्ती सिनेटच्या संमतीवाचून होत नाही. आणि सर्वांत मोठे हत्यार म्हणजे पैसा: अंदाजपत्रकातील प्रत्येक डॉलरला काँग्रेसची मंजुरी लागते.

याखेरीज काँग्रेसच्या हाताशी दोन तपासयंत्रणा आहेत. पहिली ‘जीएओ’ ही लेखापरीक्षण संस्था. आपल्या महालेखापरीक्षकांशी तिची तुलना करता येईल. पण फरक असा की ती थेट काँग्रेससाठी काम करते आणि सदस्यांच्या वा समितीच्या विनंतीवरून एखाद्या विषयाची चौकशी हाती घेते. दुसरी यंत्रणा म्हणजे खात्यातील महानिरीक्षक. तो खात्यातच बसतो, पण आपले अहवाल काँग्रेसलाही देतो. माजी सैनिक स्त्रियांच्या आरोग्यसेवेचा इतिहास हा बऱ्याच अंशी या अहवालांचा इतिहास आहे.

१९८२ चा अहवाल

पहिला महत्त्वाचा अहवाल १९८२ चा. हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये यांच्या विनंतीवरून जीएओने ही चौकशी केली. इनोये स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढले होते आणि तेथे त्यांनी उजवा हात गमावला होता. अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट होता: कायद्याने समान हक्क असूनही स्त्रियांना समान सेवा मिळत नाही. त्यांची शारीरिक तपासणी अनेकदा अपुरी केली जाते, स्त्रीरोगविषयक उपचारांची सोय तुटपुंजी आहे, खासगीपणाअभावी काही उपचार-कार्यक्रमांत त्यांना सामावून घेता येत नाही आणि त्यांचे हक्क त्यांना नीट कळवलेही जात नाहीत.

पुढल्याच वर्षी, १९८३ मध्ये, काँग्रेसने कायद्याद्वारे माजी सैनिक स्त्रियांसाठी एक सल्लागार समिती स्थापन केली आणि तिने ठराविक काळाने अहवाल द्यावा असे बंधन घातले. वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटेल. पण ज्या खात्यात स्त्रियांचा विषय कोणाच्याच टेबलावर नव्हता, तेथे तो कायद्यानेच कोणाच्या तरी टेबलावर आला. एकदा अहवाल लिहिणे भाग पडले की माहिती गोळा करणे भाग पडते आणि माहिती गोळा झाली की तिची उत्तरे द्यावी लागतात. देखरेखीचे काम असे संथपणे, कागदावरून कागदावर चालत असते.

सैन्यातल्या अत्याचारांची दखल

१९९१ च्या सप्टेंबरमध्ये लास व्हेगास येथे नौदलाच्या वैमानिकांचे ‘टेलहुक’ या संघटनेचे संमेलन भरले होते. त्या संमेलनात ८३ स्त्रिया आणि ७ पुरुषांवर हल्ले वा विनयभंगाचे प्रकार झाल्याचे पुढे संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी नोंदवले. या प्रकरणाने देश हादरला. १९९२ साली सिनेटच्या समितीपुढे माजी सैनिक स्त्रियांनी साक्षी दिल्या आणि गणवेशात असताना आपल्याच सहकाऱ्यांकडून झालेल्या अत्याचारांची वाच्यता प्रथमच अधिकृत व्यासपीठावर झाली.

त्याच वर्षी झालेल्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, स्तनांची तपासणी, रजोनिवृत्तीच्या काळातील उपचार अशा स्त्रियांच्या आरोग्यसेवा व्हीएच्या जबाबदारीत स्पष्टपणे आणल्या. आणि सैन्यसेवेतील लैंगिक अत्याचारांमुळे झालेल्या मानसिक आघातावर समुपदेशनाची तरतूद केली. प्रारंभी ही तरतूद केवळ स्त्रियांसाठी आणि मुदतबंद होती. १९९४ मध्ये ती पुरुषांनाही लागू झाली. २००४ मध्ये ती कायमस्वरूपी करण्यात आली. आज व्हीएमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला या अनुभवाविषयी विचारले जाते, आणि सुमारे तीनपैकी एक स्त्री व पन्नासपैकी एक पुरुष होकारार्थी उत्तर देतो. स्त्रियांच्या दारातून आत आलेल्या सुधारणेचा लाभ पुरुषांनाही झाला, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

१९९२ च्या कायद्याला मर्यादाही होत्या. वंध्यत्वावरील उपचार, गर्भपात आणि सामान्य गर्भारपण व प्रसूती या सेवा त्यातून वगळण्यात आल्या होत्या. १९९६ च्या कायद्याने पात्रतेचे नियम बदलल्यावर प्रसूतीसेवा शक्य झाली. पण प्रसूती झाली की आईचा खर्च सरकारचा आणि बाळाचा मात्र तिचा, असा विचित्र प्रकार होता. तो २०१० च्या कायद्याने थांबवला आणि नवजात बालकाच्या पहिल्या ७ दिवसांच्या उपचारांची सोय झाली.

पडदा आणि कडी

इथपर्यंतची हकीकत कायद्यांची झाली. प्रत्यक्ष रुग्णालयात काय दिसत होते? २००९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे जीएओने आपले प्राथमिक निष्कर्ष मांडले आणि २०१० च्या मार्चमध्ये पूर्ण अहवाल प्रसिद्ध केला. जीएओच्या पथकाने ९ वैद्यकीय केंद्रे आणि १० बाह्यरुग्ण दवाखाने पाहिले होते. खासगीपणाविषयीचे खात्याचे स्वतःचेच नियम त्यांपैकी एकाही ठिकाणी पूर्णपणे पाळले जात नव्हते.

हे नियम काही अवघड नव्हते. तपासणीच्या टेबलाभोवती पडदा असावा. टेबलाची पायाकडची बाजू दाराकडे नसावी. स्त्रियांच्या स्नानगृहाला आतून कडी असावी. सार्वजनिक स्वच्छतागृहात पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू मिळाव्यात. ज्या स्त्रीने सैन्यात अत्याचार सोसला आहे, तिला तपासणीच्या वेळी दार कोण उघडेल या धास्तीत पडून राहावे लागत असेल, तर ती दुसऱ्या वेळी त्या दारात येईल काय? पडदा आणि कडी या गोष्टी अशा वेळी औषधाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

त्यानंतर सहा वर्षांनी, २०१६ च्या डिसेंबरमध्ये, जीएओने पुन्हा पाहणी केली. या वेळी ६ वैद्यकीय केंद्रांत खासगीपणा, सुरक्षितता आणि सन्मान यांविषयीच्या मानकांचा भंग झाल्याची १५५ उदाहरणे आढळली. त्याहून धक्कादायक बाब पुढे होती. ही केंद्रे नियमितपणे आपली आपण तपासणी करून वरिष्ठांना कळवत असत. पण या १५५ त्रुटींपैकी जेमतेम ३ टक्के त्रुटींचीच नोंद त्यांच्या अहवालांत झाली होती. म्हणजे वॉशिंग्टनमधील मुख्यालयात सर्व काही ठीक असल्याचे कागद जात होते. शिवाय सुमारे २७ टक्के वैद्यकीय केंद्रांत स्त्रीरोगतज्ज्ञच नव्हता.

स्वतःच्या घराची तपासणी स्वतःच करून स्वतःलाच गुण देण्याच्या पद्धतीची ही परिणती होय. बाहेरून कोणी दार उघडून पाहिले नसते, तर हे आकडे कधीच बाहेर आले नसते. संसदीय देखरेखीचे मोल सांगण्यासाठी १५५ आणि ३ टक्के हे दोन आकडे पुरेसे आहेत.

वाढती संख्या, वाढता दबाव

दरम्यान या विषयाचे स्वरूपच बदलले होते. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत ३ लाखांहून अधिक स्त्रिया गेल्या. आघाडीवरील लढाऊ तुकड्यांत स्त्रियांना घेण्यावरील बंदी उठवण्याची घोषणा २०१३ मध्ये झाली आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये सर्व पदे त्यांना खुली झाल्याचे जाहीर करण्यात आले. २००० च्या सुमारास व्हीएच्या रुग्णालयांत उपचार घेणाऱ्या स्त्रिया सुमारे १ लाख ६० हजार होत्या. त्यानंतरच्या दोन दशकांत ही संख्या तिपटीहून अधिक झाली. आज अमेरिकेत माजी सैनिक स्त्रियांची संख्या सुमारे २० लाख आहे.

सभागृहातील चेहरेही बदलले. इराकमध्ये २००४ साली हेलिकॉप्टर पाडले गेल्याने दोन्ही पाय गमावलेल्या टॅमी डकवर्थ आधी प्रतिनिधिगृहात आणि २०१७ पासून सिनेटमध्ये आहेत. हवाई दलाच्या माजी वैमानिक, सिनेटर मार्था मॅकसॅली यांनी २०१९ च्या मार्चमध्ये सिनेटच्या उपसमितीतच, आपल्यावर सैन्यसेवेत असताना वरिष्ठ अधिकाऱ्याने बलात्कार केला होता, असे सांगितले. साक्षीदाराच्या खुर्चीतला अनुभव आता प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत येऊन बसला होता.

२०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने कॅलिफोर्नियाच्या सदस्य जुलिया ब्राउनली यांच्या नेतृत्वाखाली माजी सैनिक स्त्रियांसाठी विशेष कृतिगट नेमला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, १२ वैद्यकीय केंद्रांतील चारपैकी एका स्त्रीने आवारात पुरुष माजी सैनिकांकडून शेरेबाजी वा नकोशा वर्तनाचा अनुभव आल्याचे सांगितले होते. आणि मग एक असा प्रसंग घडला की, देखरेख करणारेच प्रश्नाच्या केंद्रस्थानी आले. समितीच्या कर्मचारी असलेल्या एका माजी नौदल अधिकारी स्त्रीने २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, वॉशिंग्टनच्या व्हीए वैद्यकीय केंद्रात एका पुरुषाने आपला विनयभंग केल्याची तक्रार केली. फौजदारी खटला उभा राहिला नाही. मात्र खात्याचे तत्कालीन मंत्री रॉबर्ट विल्की यांनी ही तक्रार निराधार ठरवल्याने वाद पेटला. महानिरीक्षकांनी २०२० च्या डिसेंबरमध्ये दिलेल्या अहवालात, मंत्री व वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तक्रारदाराच्या विश्वासार्हतेविषयी शंका निर्माण केल्याबद्दल कठोर टीका केली. विल्की यांनी हे आरोप नाकारले.

या अहवालानंतर महिन्याभरातच, ५ जानेवारी २०२१ रोजी, ‘डेबोरा सॅम्पसन कायदा’ एका मोठ्या विधेयकाचा भाग म्हणून मंजूर होऊन अमलात आला. डेबोरा सॅम्पसन ही अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात पुरुषाच्या वेषात लढलेली मॅसॅच्युसेट्सची तरुणी. निवृत्तिवेतनासाठी तिला वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले होते. तिच्या नावाच्या या कायद्याने व्हीएमध्ये स्त्री-आरोग्याचे स्वतंत्र कार्यालय स्थापन केले, प्रत्येक वैद्यकीय केंद्रात स्त्रियांसाठी प्रशिक्षित प्राथमिक डॉक्टर असणे बंधनकारक केले आणि छळाविरुद्ध धोरण आखण्याची सक्ती केली. दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी त्याला हात दिला होता, हे विशेष.

जिथे एकमत संपते

स्तनांच्या कर्करोगाच्या बाबतीतही असेच एकमत दिसले. मरीन दलातील माजी अधिकारी केट हेंड्रिक्स थॉमस या इराकमध्ये असताना उघड्या खड्ड्यांत जाळल्या जाणाऱ्या कचऱ्याच्या विषारी धुराच्या संपर्कात आल्या होत्या. चाळिशीही गाठण्यापूर्वी त्यांना कर्करोगाचे निदान झाले. अशा ठिकाणी सेवा केलेल्या स्त्रियांना, वय वा लक्षणे काहीही असोत, तपासणीचा लाभ मिळावा यासाठी त्यांनी काँग्रेसकडे पाठपुरावा केला. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. जूनमध्ये त्यांच्या नावाचा कायदा झाला. ज्या भागांत तपासणीची यंत्रे नाहीत तेथे दूरस्थ पद्धतीने ही सेवा पोहोचवण्याची तरतूद करणारा दुसरा कायदाही त्याच दिवशी स्वाक्षरीला आला.

गर्भपाताच्या प्रश्नावर मात्र एकमताची सीमा संपते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, काही परिस्थितींत ही सेवा देण्याचा नियम व्हीएने केला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, सत्ताबदलानंतर, तो मागे घेण्याचा प्रस्ताव त्याच खात्याने मांडला. दोन्ही वेळा १९९२ च्या कायद्यातील त्याच कलमाचा आधार वा अर्थ चर्चेत होता. काँग्रेसने एखादी गोष्ट संदिग्ध ठेवली की तिचा अर्थ सरकारागणिक बदलतो आणि रुग्ण मधल्यामध्ये लटकतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. स्त्रियांच्या आत्महत्या रोखण्यासाठीचे कार्यक्रम कितपत परिणामकारक आहेत हे तपासण्याचा आदेश देणारा कायदा काँग्रेसने २०१६ मध्ये केला. तरीही २०२३ मध्ये व्हीएने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२० ते २०२१ या एका वर्षात माजी सैनिक स्त्रियांमधील आत्महत्येचा दर २४.१ टक्क्यांनी वाढला. पुरुषांमधील वाढ ६.३ टक्के होती. कायदा, अहवाल, सुनावणी यांनी पडदा लावता येतो, डॉक्टर नेमता येतो. एकटेपणाच्या रात्री कोणाचा तरी फोन उचलला जाईल याची हमी मात्र त्यातून आपोआप मिळत नाही. त्यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात, आणि माणसांसाठी पैसा लागतो. अंदाजपत्रकाच्या वेळी या विषयाकडे किती सदस्य लक्ष देतात, ही खरी कसोटी आहे.

बोधवाक्याची गोष्ट

अध्यक्ष लिंकन यांनी १८६५ मधील भाषणात, लढाईचा भार वाहिलेल्या ‘त्या’ पुरुषाची आणि त्याच्या विधवेची व अनाथ मुलांची काळजी वाहण्याचे वचन राष्ट्राच्या वतीने दिले होते. १९५९ मध्ये ते शब्द खात्याचे बोधवाक्य बनले आणि रुग्णालयांच्या दारांवर कोरले गेले. स्वतः लढून आलेल्या स्त्रिया ते वाचत आत जात होत्या. अनेक वर्षांच्या मागणीनंतर २०२३ च्या मार्चमध्ये ते बदलले गेले. आता त्यात सैन्यदलांत सेवा केलेल्या सर्वांचा, त्यांच्या कुटुंबीयांचा आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचा उल्लेख आहे.

दारावरची अक्षरे बदलायला ६४ वर्षे लागली. दाराच्या आत पडदा आहे की नाही, कडी लागते की नाही आणि डॉक्टर जागेवर आहे की नाही, हे मात्र दरवर्षी नव्याने पाहावे लागणार आहे. खात्याने पाठवलेल्या कागदावर समाधान न मानता संसदेने कोणाला तरी प्रत्यक्ष ती खोली पाहायला पाठवले पाहिजे, हाच या चाळीस वर्षांच्या इतिहासाचा अर्थ आहे.